घरावरच्या सोलरचा कल

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. विषय ऐकून काही जणींना वाटले असेल की, हिने लोणच्यावर बोलावे, विजेवर कशाला? पण भगिनींनो, ही वीज आता आपल्या गच्चीवर येऊन बसली आहे. जिथे आपण कुरडया घालतो, मिरच्या वाळवतो, तिथेच सोलरच्या काळ्या-निळ्या काचा बसू लागल्या आहेत. त्यांना कोणी पॅनेल म्हणतात, कोणी प्लेटा म्हणतात. मी आपली प्लेटच म्हणेन.

केंद्र सरकारने २०२४ च्या फेब्रुवारीत प्रधानमंत्री सूर्यघर योजना सुरू केली. एक कोटी घरांवर सोलर बसवावयाचे ठरले आणि तीन किलोवॅटच्या संचास अठ्ठ्याहत्तर हजार रुपये अनुदान ठरले. तेव्हापासून अकलूजच्या गल्लीगल्लीत ही चर्चा आहे. अनुदान मिळाले तरी उरलेली रक्कम घरातूनच जाते. कोणी कर्ज काढते, कोणी भिशीचे पैसे घालते, कोणी उसाच्या बिलाची वाट पाहते. प्लेटा पंचवीस वर्षे चालाव्यात अशा हिशोबाने बनवलेल्या असतात. म्हणजे बोल्ट एकदा आवळले की मुलीचे लग्न होऊन नातवंडे शाळेत जाईपर्यंत त्या तशाच राहणार. आणि बसवणारी माणसे येतात ती भर दुपारी. तेव्हा पुरुषमंडळी शेतावर, दुकानात नाहीतर कारखान्यावर असतात. घरी कोण? आपणच. तेव्हा प्लेट कोणत्या दिशेला तोंड करून आणि किती कलती बसवावयाची, हे आपल्याला ठाऊक असलेच पाहिजे. आज मी तेवढेच सांगणार आहे.

प्रथम सूर्याची चाल पाहू. हे कोणाला पुस्तकातून शिकण्याची गरज नाही. दिवाळी उलटली की दुपारचे ऊन दक्षिणेच्या दारातून ओसरीत आत आत येऊ लागते. वैशाखात तेच ऊन उंबऱ्याबाहेर थांबते. याचे कारण असे की, थंडीत सूर्य दक्षिणेकडून खालून जातो आणि उन्हाळ्यात डोक्यावरून जातो.

आपले अकलूज विषुववृत्तापासून सुमारे अठरा अंश उत्तरेस आहे. मार्च व सप्टेंबरच्या २२ तारखेच्या आसपास दिवस-रात्र सारखे होतात. त्या दिवसांत मध्यान्हीचा सूर्य आपल्या डोक्यापासून अठरा अंश दक्षिणेकडे झुकलेला असतो. २२ डिसेंबरच्या सुमारास तो एक्केचाळीस अंश झुकतो. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात एक दिवस तो बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या पायातच विरते. असाच दिवस पुन्हा जुलै सरता किंवा ऑगस्ट लागता येतो. या दोन दिवसांमधल्या काळात सूर्य आपल्या उत्तरेस जातो. पण फार नाही. २१ जूनलाही तो डोक्यापासून जेमतेम साडेपाच अंशच उत्तरेस असतो.

हे समजले की अर्धे काम झाले. वर्षातले सुमारे नऊ महिने दुपारचा सूर्य आपल्या दक्षिणेस असतो. उत्तरेस जातो तो थोडाच जातो, आणि त्यातला बराचसा काळ पावसाळी ढगांचा असतो. म्हणून प्लेटेचे तोंड दक्षिणेस पाहिजे.

येथे आमच्या घरची हकिगत सांगते. आमच्या घराला पुढे स्लॅब आहे आणि मागे पत्र्याचे छप्पर. ते छप्पर उत्तरेकडे उतरते. सोलर बसवणारा गडी आला तो मार्गशीर्षात. मालक शेतावर गेले होते. तो म्हणाला, "वहिनी, पत्रा तिरपाच आहे. त्यावरच प्लेटा चिकटवून देतो. लोखंडी स्टँडचा खर्च वाचेल आणि गच्चीही मोकळी राहील." सासूबाईंना गच्ची मोकळी राहते हे ऐकून बरे वाटले. मी विचारले, "दादा, दुपारी ऊन कोणत्या बाजूने येते?" तो म्हणाला, "ऊन काय वहिनी, सगळीकडूनच येते की!"

मी त्याला पाणी दिले, चहा ठेवला आणि फूटभर उंचीची काठी गच्चीवर उभी केली. सावली साडेदहा इंच पडली, सरळ उत्तरेकडे. म्हणजे ऊन दक्षिणेकडून येत होते आणि पत्रा त्याच्याकडे पाठ करून होता. माझी मुलगी दहावीत आहे. त्यांना या वर्षी त्रिकोणमिती असते. संध्याकाळी तिने वहीत हिशोब मांडला. प्लेट सूर्याकडे थेट तोंड करून असेल तर तिच्यावर पडणारे ऊन शंभर धरावे. डिसेंबरच्या मध्यान्ही अठरा अंश दक्षिणेकडे कललेल्या प्लेटेवर ब्याण्णव पडते, अगदी आडव्या ठेवलेल्या प्लेटेवर पंचाहत्तर पडते आणि अठरा अंश उत्तरेकडे कललेल्या प्लेटेवर एक्कावन्न! जवळजवळ अर्धेच. जूनमध्ये मात्र उत्तरेकडची प्लेट थोडी पुढे जाते, तिला अठ्ठ्याण्णव आणि दक्षिणेकडचीला ब्याण्णव. परंतु जूनमधला सहाचा लाभ घेऊन डिसेंबरमधला एक्केचाळीसचा तोटा कोण पत्करील?

दुसऱ्या दिवशी त्या गड्याचा वरचा माणूस आला. त्याने वही पाहिली आणि निमूटपणे स्लॅबवर दक्षिणमुखी स्टँड लावून दिला. चार पैसे अधिक गेले हे खरे. पण ते एकदाच गेले. तोटा झाला असता तो पंचवीस हिवाळे झाला असता.

आता कल किती ठेवावा ते सांगते. वर्षभर एकाच जागी पक्की बसवावयाची प्लेट असेल तर मोटा नियम असा की, आपले गाव जितके अंश उत्तरेस, तितके अंश प्लेट दक्षिणेकडे कलती ठेवावी. अकलूजला अठरा अंश. मुंबईला एकोणीस, नागपूरला एकवीस, कोल्हापूरला सतरा. दिल्लीला मात्र अठ्ठावीस-एकोणतीस. मोबाइलवर कोणी दिल्लीकडचा गृहस्थ 'तीस अंशच ठेवा' असे छातीठोकपणे सांगतो, ते त्याच्या गावाला बरोबर असते. त्याचे माप आपल्या अंगाला बसत नाही. जर्मनीतल्या घरांवर प्लेटा आणखी उभ्या दिसतात, कारण तिथे सूर्य आणखी खालून जातो.

पण भगिनींनो, अठरा म्हणजे अठराच असा हट्टही धरू नये. पाच अंशांचा फरक पडला तर शंभरातले एखादे युनिटसुद्धा जात नाही. दहा अंशांचा पडला तर एक-दोन युनिटे जातात. प्लेट अगदी आडवी ठेवली तर वर्षाकाठी शंभरातली पाच ते सात जातात. शिर्डीच्या साईसंस्थानच्या प्रसादालयात २००९ साली सूर्याच्या उष्णतेवर वाफ करून स्वयंपाक करण्यासाठी आरशांच्या त्र्याहत्तर तबकड्या बसवल्या. तिथे ऊन एका ठिकाणी गोळा करावयाचे असते, म्हणून तबकडीला दिवसभर सूर्यामागे फिरावे लागते. आपल्या प्लेटेचे तसे नाही. ती समोरून आलेले ऊन घेते, थोडे तिरपे आलेले घेते आणि ढगाळ दिवशी साऱ्या आभाळातून झिरपणारा उजेडही घेते. तेव्हा पंधरा ते वीस अंशांत कल बसला की समाधान मानावे. गच्ची तिरकी असल्यामुळे दिशा दक्षिणेपासून थोडी आग्नेयेस किंवा नैऋत्येस गेली तरी मोठा तोटा नाही. पूर्वेकडे किंवा पश्चिमेकडे उतरणारे हलक्या उताराचे छप्पर असले तरी काम भागते. उत्तरेचा उतार मात्र टाळावा.

काही जणी विचारतात, दर ऋतूला कल बदलला तर? बदलता येतो. हिवाळ्यात तो वाढवून तेहतीस अंशांपर्यंत न्यावा आणि उन्हाळ्यात दहावर आणावा. लक्षात ठेवण्यास सोपे म्हणून मी असे म्हणते की, गुढीपाडव्याला प्लेट निजवावी आणि घटस्थापनेला उठवावी. दिवस-रात्र सारखे होण्याच्या सुमारासच हे दोन्ही सण येतात. शेतावर पंपासाठी जमिनीवर सोलर बसवला असेल आणि त्याच्या स्टँडला भोके पाडलेली असतील, तर हे अवश्य करावे. रब्बीच्या पाण्याला हातभार लागतो. घराच्या गच्चीवर मात्र शंभरामागे तीन-चार युनिटांच्या लाभासाठी दरवर्षी दोन वेळा नट सैल करणे मला शहाणपणाचे वाटत नाही. एखादा नट सैल राहिला आणि वळवाचे वादळ आले तर प्लेट शेजारणीच्या अंगणात जाऊन पडावयाची.

वादळावरून आठवले. प्लेट जितकी उभी, तितकी ती वाऱ्याला शिडासारखी सापडते. अठरा अंशांचा कल या दृष्टीनेही बरा. आणि दहा अंशांच्या खाली कल आणू नये. आडव्या काचेवर पाणी साचते आणि धूळ खालच्या कडेला थर धरून बसते. थोडा उतार असला की पहिल्याच सरीने काच आपोआप धुऊन निघते. आपला तालुका पर्जन्यछायेतला, सरी मोजक्याच पडतात. त्या तरी कामी याव्यात.

आता धुळीचे आणि सावलीचे सांगते, कारण यांचा तोटा कलाच्या तोट्यापेक्षा मोठा असतो. कोणी दोन अंशांसाठी भांडत बसते आणि पाण्याच्या टाकीची सावली प्लेटेवर पडते ती पाहत नाही. प्लेटेत लहान लहान चौकोन एकापुढे एक जोडलेले असतात. गळिताच्या दिवसांत उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते, तिच्यातली एक गाडी अडली की मागच्या साऱ्या थांबतात. तसेच येथे होते. एका कोपऱ्यावर सावली पडली की त्या रांगेची वीज अडते. प्लेटेत त्यासाठी आडवाट काढून दिलेली असते, तरी तेवढ्या भागाची वीज जातेच. म्हणून टाकी, जिन्याची खोली, नारळाचे झाड आणि शेजारच्या घराची भिंत यांची सावली डिसेंबरमध्ये कोठवर येते ते पाहावे. तेव्हा सावल्या सर्वांत लांब असतात. दक्षिणेकडे तीन फुटी कठडा असेल तर त्या दिवसांत सकाळी साडेनऊला त्याची सावली साडेतीन फूट आत येते. तेव्हा प्लेट चार फूट सोडून बसवावी, नाहीतर स्टँड उंच करावा. एकामागे एक दोन रांगा बसवावयाच्या असतील तर पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडणार नाही इतके अंतर ठेवावे.

ऊसतोडीनंतर शेतात पाचट पेटवले की काळी राख उडत गावात येते आणि काचेवर बसते. त्या महिन्यांत आठवड्या-पंधरवड्याने काच पुसावी. पुसावी ती सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नये. मऊ फडके घ्यावे, तारेची घासणी आणि धुण्याची पावडर घेऊ नये. बोअरचे पाणी जड असते. ते तसेच वाळू दिले तर क्षाराचे पांढरे डाग पडतात, म्हणून शेवटी कोरडे फडके फिरवावे. आणि प्लेटेवर पाय देऊन कोणी चढू नये, मुलांनाही चढू देऊ नये.

आणखी एक गोष्ट. पुष्कळ जणींना वाटते की ऊन जितके कडक तितकी वीज जास्त. उजेड जास्त असेल तर वीज जास्त हे खरे, पण प्लेट तापली की तिची शक्ती घटते. पंचवीस अंशांच्या वर ती जितके अंश तापेल, त्या प्रत्येक अंशाला शंभरातला पाव-अर्धा हिस्सा कमी होतो. आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी प्लेट साठ अंशांपर्यंत तापते, तेव्हा शंभरातले दहा-बारा जातात. म्हणून प्लेट पत्र्याला किंवा स्लॅबला चिकटवू नये. खालून वारा खेळला पाहिजे. कलता स्टँड असला की तो आपोआप खेळतो.

ज्यांच्या घरी पाणी तापवण्याचा सोलर बंब आहे, त्यांच्यासाठी वेगळा हिशोब आहे. विजेची प्लेट बारा महिने हवी, पण कढत पाण्याची खरी गरज थंडीत. म्हणून बंबाच्या नळ्या अधिक उभ्या, तीस अंशांच्या आसपास ठेवतात. शेजारी प्लेटा बसवताना त्या बंबाच्या कलाशी जुळवावयास कोणी सांगू लागले तर ऐकू नये.

आता बसवणारा आल्यावर आपण काय करावे ते थोडक्यात सांगते.

पहिले, दक्षिण दिशा स्वतः काढून ठेवावी. उघड्या गच्चीवर काठी सरळ उभी करावी. तिची सावली सर्वांत आखूड होते तेव्हा ती उत्तर-दक्षिण असते. घड्याळात बाराला आपल्याकडे मध्यान्ह होत नाही. आपण देशाच्या प्रमाणवेळेच्या रेषेपासून पश्चिमेस असल्यामुळे ती साडेबाराच्या सुमारास होते, ऋतूप्रमाणे पाव तास अलीकडे-पलीकडे. हे काम हिवाळ्यात करावे. मे-जूनमध्ये सावली इतकी लहान असते की दिशा नीट कळत नाही.

दुसरे, कल स्वतः मोजावा. मुलांच्या कंपासपेटीतला कोनमापक घ्यावा आणि त्याच्या मध्यबिंदूला दोरा बांधून खाली लहान खडा लटकवावा, म्हणजे गवंड्याचा ओळंबा झाला. कोनमापकाची सरळ कड प्लेटेच्या उताराच्या कडेला खालून लावावी. दोरा नव्वदाच्या खुणेपासून जितके अंश सरकेल तितका कल. कोनमापक नसेल तर मोजपट्टी पुरते. प्लेटेच्या उताराच्या बाजूची लांबी फुटात मोजावी. दर फुटामागे वरची कड खालच्या कडेपेक्षा पावणेचार इंच उंच असली की अठरा अंश झाले. सात फुटी प्लेट असेल तर सव्वीस इंच.

तिसरे, सावलीविषयी विचारावे. टाकी हलवावी लागेल का, झाडाची फांदी छाटावी लागेल का, हे प्लेट बसण्यापूर्वी ठरवावे.

चौथे, स्टँडचे पाय स्लॅबमध्ये कसे बसवले आणि तिथून पावसाचे पाणी गळणार नाही ना, हे पाहावे.

आणि पाचवे, वाळवणाची जागा सांगून ठेवावी. स्टँड डोक्याएवढा उंच केला तर खाली माणूस वावरू शकते. खर्च वाढतो आणि वाऱ्यासाठी पायाही भक्कम लागतो, पण गच्ची हातची जात नाही. ते जमत नसेल तर उत्तरेकडची बाजू वाळवणाला ठेवावी. प्लेटेची सावली दुपारी तिकडेच पडते, तेव्हा चटया तेवढ्या सोडून अंथराव्यात.

भगिनींनो, तीन किलोवॅटचा संच नीट बसला तर सरासरी रोज बारा युनिटांच्या आसपास वीज देतो. एका मध्यम घराला ती पुरून उरते. पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी हे डोंगरातले लहानसे गाव २०२४ साली राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाले. आपल्याकडे तर ऊन त्यांच्यापेक्षा अधिक आहे. उन्हाची उणीव आपल्याला कधीच नव्हती.

मी मंडळाला एक विनंती करते. आपल्या सभासदांपैकी जिच्या घरी सोलर बसावयाचा असेल, तिने आधी चिटणीसबाईंना कळवावे. त्या दिवशी आपल्यापैकी दोघी-तिघींनी काठी, कोनमापक आणि मोजपट्टी घेऊन तिच्याकडे जावे. एकटी बाई विचारते तेव्हा बसवणारा हसण्यावारी नेतो. तिघी विचारतात तेव्हा तो मोजून दाखवतो. ज्या घरी पुरुषमाणूस नाही, तिथे तर आपण गेलेच पाहिजे. तिच्या पैशाला दुसरा राखणदार नाही.